पाच भ्रूणांची गुणपत्रिका आणि एक साधारण मुलगी

पत्राचा सारांश: नाशिकच्या गंगापूर रोड भागातल्या एका वाचक भगिनीचं पत्र आहे. वय 34. सासरची दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग, पती नोकरीला, सात वर्षांची एक मुलगी. दुसऱ्या मुलासाठी बराच काळ प्रयत्न करून शेवटी आयव्हीएफ केलं. पाच भ्रूण गोठवून ठेवले आहेत. अमेरिकेतल्या दिरांनी सुचवलंय की भ्रूणांच्या जनुकीय तपासणीची माहिती तिकडच्या एका कंपनीला पाठवावी. कंपनी प्रत्येक भ्रूणाला बुद्धी, उंची, मधुमेहाचा धोका यांचे गुण देते. पहिला येईल तो गर्भाशयात सोडायचा. पाचांत मनासारखा आकडा नाही निघाला तर पुन्हा इंजेक्शनं घेऊन आणखी भ्रूण करावेत, असं पतींचं म्हणणं. दीर लहानपणापासून हुशार, पती त्यांच्याशी तुलना ऐकतच वाढले. खर्चासाठी सासरे एक एकर काढायला तयार आहेत. "शुद्ध बीजापोटी फळे रसाळ गोमटी" हे त्यांचं कारण. सासूबाईंना हा देवाच्या कामात हात घालणं वाटतं. भगिनी लिहितात: "उद्या सगळेच असं करायला लागले तर आमचं मूल मागं पडेल. ते विचारेल, तुमच्या हातात होतं तर का नाही केलं? मोठी अभ्यासात साधारणच आहे. सुट्टीत बागेत गेली की मजुरांची मुलं गोळा करून खेळत बसते, वहीला हात लावत नाही. म्हणून यांना या वेळी धोका नको आहे. मी नको म्हटलं तर स्वार्थी ठरेन का?" ताजा कलम: पती थॅलेसेमिया मायनर आहेत, पण त्रास काही नाही.

प्रिय ताई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा ताज्या कलमापाशी अडकले. चार पानांत दिरांची कंपनी, सासऱ्यांची जमीन, सासूबाईंचा देव. आणि ज्याच्याबद्दल याच आठवड्यात काही करता येईल ती गोष्ट एका ओळीत, सगळ्यात शेवटी. म्हणून मी त्या ओळीपासूनच सुरुवात करते.

थॅलेसेमिया हा रक्ताचा आनुवंशिक आजार. मायनर म्हणजे त्याचं जनुक आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच आलेलं असणं. तुमच्या पतींना त्याचा त्रास नाही, तो आजार पुढे वाढतही नाही. फार तर हिमोग्लोबिन जरा कमी दिसतं. प्रश्न तुमच्या रक्ताचा आहे. तुम्हीही मायनर असाल तर प्रत्येक मुलाच्या वेळी चारात एक शक्यता थॅलेसेमिया मेजरची, म्हणजे दोघांकडूनही जनुक आलेल्या गंभीर प्रकाराची असते. अशा लेकराला दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं आणि त्या रक्तामुळे अंगात साठणारं लोह काढायला आयुष्यभर औषधं द्यावी लागतात. आयव्हीएफच्या आधी ही तपासणी सहसा करतात, पण "केली असेल" यावर राहू नका. फाइल काढा, 'एचबी ए2' किंवा 'एचपीएलसी' (हिमोग्लोबिनच्या प्रकारांची तपासणी) लिहिलेला कागद शोधा. नसेल तर उद्या सकाळी लॅबमध्ये जा. साध्या रक्तावर होते.

तुमचा रिपोर्ट नॉर्मल आला तर ही काळजी मिटली. तुम्हीही मायनर निघालात तर भ्रूणांची तपासणी जरूर करा, माझं स्पष्ट मत आहे, आणि कायदाही तुमच्या बाजूनं आहे. आपल्याकडे 2021 साली साहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानाचा कायदा झाला. भ्रूणाची जनुकीय तपासणी तो फक्त माहीत असलेल्या आनुवंशिक आजारासाठी करू देतो. एक मात्र लक्षात ठेवा: मायनर निघालेला भ्रूण आजारी नसतो. तो बाजूला टाकायची गरज नाही. तुमचे पती त्याच गटातले आहेत आणि चांगले धडधाकट आहेत. मोठीचंही रक्त सवडीनं तपासून घ्या. तीही मायनर असू शकते, आणि ते आधीच कळलं तर "रक्त कमी आहे" म्हणून वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या खायची वेळ तिच्यावर येणार नाही. घरात कुणी मायनर असलेल्या, लग्न ठरत असलेल्या सगळ्याच वाचकांना माझं हेच सांगणं आहे.

आता दिरांची सूचना. ती अगदी वेगळ्या जातीची आहे. थॅलेसेमियात एका जनुकाचा बिघाड, एक आजार, आणि हो किंवा नाही असं उत्तर. बुद्धी आणि उंची अशा एका जागी बसलेल्या नाहीत. नुसत्या उंचीशी संबंधित जनुकसंचातल्या जागा शोधायला 2022 मध्ये जवळजवळ 54 लाख लोकांची माहिती एकत्र केली, तेव्हा बारा हजारांवर जागा सापडल्या. एकेकीचा वाटा केसाएवढा. कंपनी अशा हजारो केसांची बेरीज मांडते आणि तिला गुण म्हणते.

त्या बेरजेचा उपयोग किती? जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातले शाय कार्मी आणि त्यांचे सहकारी यांनी 2019 मध्ये हेच तपासलं. दहा भ्रूणांतून पहिल्या क्रमांकाचा निवडला तर सरासरीपेक्षा फायदा किती मिळेल? उंचीत सुमारे अडीच सेंटिमीटर, बुद्ध्यांकात सुमारे अडीच गुण. तुमच्याकडे दहा नाहीत, पाच आहेत. म्हणजे फायदा त्याहून कमी. एकच मूल सोमवारी चाचणीला बसलं आणि गुरुवारी सर्दीनं नाक चोंदलेलं असताना पुन्हा बसलं, तरी एवढा फरक सहज पडतो. त्यांनी आणखी एक गोष्ट केली, ती मला जास्त बोलकी वाटते. मुलं मोठी झालेली 28 कुटुंबं घेतली, घरटी सरासरी दहा भावंडं, आणि पाहिलं की उंचीचे सर्वाधिक गुण ज्याला, तोच घरात सर्वांत उंच निघाला का. 7 घरांत निघाला. 5 घरांत तर तो घरच्या सरासरीपेक्षा बुटका होता. आणि ही झाली उंची, जी टेप लावून मोजता येते. बुद्धी म्हणजे नेमकं काय मोजायचं यावरच अजून वाद आहेत.

आता आमची पद्धत सुधारली आहे असं कंपन्या सांगतात. सुधारली असेलही. पण हे गुण ज्या माहितीवर उभे आहेत ती बहुतांशी युरोपीय वंशाच्या लोकांची आहे, आणि दुसऱ्या वंशाच्या माणसांवर ते उणे पडतात हे या क्षेत्रातले सगळेच मान्य करतात. दिंडोरीच्या भ्रूणाचा क्रमांक ते कशाच्या आधारावर लावणार, एवढा एक प्रश्न दिरांना नक्की विचारा. मधुमेहाच्या गुणांचंही तेच. शिवाय एका आजाराचा धोका कमी दाखवणारी जागा दुसऱ्या कशात काय करते याचा पूर्ण हिशेब कुणाकडे नाही.

तुमच्या पत्रात नाही, पण या विषयावर मला आलेल्या इतर दोन पत्रांत भ्रूणाची जनुकं कापून बदलण्याबद्दल विचारलंय, म्हणून थोडक्यात सांगते. 2018 च्या नोव्हेंबरात चीनमधल्या ह जियानक्वेई या शास्त्रज्ञानं जुळ्या मुलींची जनुकं त्या भ्रूणावस्थेत असताना बदलल्याचं जाहीर केलं. एड्सच्या विषाणूला शरीरात शिरायचा रस्ता बंद करण्यासाठी त्यानं सीसीआर5 हे जनुक निवडलं होतं. जगभरातून निषेध झाला आणि पुढच्या वर्षी त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली. भ्रूणात केलेला बदल त्या मुलींच्या लेकरांकडे आणि नातवंडांकडेही जातो. त्यांना कुणी विचारलेलं नाही. आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या नियमांत पुढच्या पिढ्यांत उतरणाऱ्या जनुकीय बदलांना परवानगी नाही. कुणी एजंट "बाहेरून करून देतो" म्हणाला तर त्याच्या दारात उभंही राहू नका.

आता सासऱ्यांशी बोलते, कारण शेतकऱ्याचं म्हणणं मला कळतं. माझं माहेर निफाड तालुक्यातलं. चांगलं बी निवडावं हे त्यांच्या हाताला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पण ज्या बागेत उभं राहून ते "शुद्ध बीजापोटी" म्हणतात त्या बागेत बी नाहीच. थॉम्पसन ही द्राक्षाची जात बिनबियांची. डॉगरिज जातीच्या खुंटावर कलमाची काडी भरायची आणि त्या काडीची वेल करायची. एका काडीच्या सगळ्या वेली जनुकांनी हुबेहूब सारख्या, एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्यांसारख्या. तरी त्यांना विचारा, कडेच्या ओळीतला घड आणि मधल्या ओळीतला घड सारखा येतो का? जिथे ड्रिपर चोंदला तिथला? छाटणी आठ दिवस पुढे गेली त्या वर्षीचा? ऐन फुलोऱ्यात पाऊस झाला त्या वर्षीचा? एकाच जनुकांच्या बागेत त्यांनी आयुष्यभर हा फरक पाहिलाय आणि त्या फरकावरच घर चालवलंय. आणि मणी लांबवण्याच्या नादात जीएचं डिपिंग, म्हणजे घड जिबरेलिक ॲसिडच्या द्रावणात बुडवणं, जास्त झालं की देठ जाड आणि ठिसूळ होऊन पेटीतच मणी गळतात, हेही मी त्यांना सांगायला नको.

उंचीचं आणखी एक उदाहरण देते. दक्षिण कोरियातल्या बायकांची सरासरी उंची शंभर वर्षांत 20 सेंटिमीटरनी वाढली. जनुकं तीच होती, ताट बदललं, पाणी स्वच्छ झालं, लहानपणीची आजारपणं घटली. कंपनी जे अडीच सेंटिमीटर विकते त्याच्या आठपट, आणि ते साऱ्या देशाला मिळालं.

आपल्याच जिल्ह्यातल्या दत्तू भोकनळचं नाव तुम्ही ऐकलं असेल. चांदवड तालुक्यातलं तळेगाव रोही, पाण्याची कायमची ओढ. विहिरी खोदण्याच्या कामावर राबलेला हा मुलगा 2012 मध्ये सैन्यात गेला, तिथे पुण्यात त्याला पहिल्यांदा नावेत बसवलं. 2016 च्या रिओ ऑलिंपिकला तो नौकानयनात भारताचा एकटा खेळाडू होता, तेरावा आला. 2018 च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नावेतून सुवर्णपदक आणलं. ती शरीरयष्टी तळेगावातच घडलेली होती. तिथे वल्हवायला पाणी नव्हतं, एवढंच. त्याच्या जन्माआधी कुठली गुणपत्रिका केली असती तर वल्हवण्याचा रकाना तरी कुणाला सुचला असता का?

तुमच्या भीतीकडे वळते, कारण खरं पत्र तिचंच आहे. "सगळ्यांनी केलं आणि आपण नाही केलं तर." ही भीती खोटी नाही. आठवीपासूनच्या फाउंडेशन बॅचेस नाशिकमध्ये याच भीतीवर भरतात. पण ती सगळ्यांच्या मनात एकदम शिरली की काय होतं ते लासलगावच्या बाजारात दर दोन-तीन वर्षांनी दिसतं. भाव होता म्हणून सगळ्यांनी कांदा लावला, आणि ट्रॅक्टर उभे करायला जागा उरली नाही. प्रत्येकाचा निर्णय आपापल्या जागी शहाणा, सगळ्यांचा मिळून तोटा. सगळीच मुलं अडीच गुणांनी पुढे गेली तर रांग आहे तशीच राहणार. फक्त ज्यांच्याकडे विकायला एकर नाही ते रांगेच्या आणखी मागे जातील.

आणि "आमच्या घरातला खासगी निर्णय" हे वाक्य महाराष्ट्रानं याआधी ऐकलेलं आहे. गर्भजल परीक्षा करून मुलगी नको म्हणणारं प्रत्येक घर असंच म्हणत होतं. या चाचण्यांवर कायदा करणारं देशातलं पहिलं राज्य आपलं, 1988 साली. केंद्राचा कायदा 1994 मध्ये आला. तरी सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे राज्यात 1991 ला 946 मुली होत्या, 2001 ला 913, आणि 2011 ला 894. कुणी एकानं हे ठरवून केलं नाही. लाखो खासगी निर्णयांची ती बेरीज आहे. भ्रूणांची क्रमवारी घरोघरी पोचली तर तिचीही बेरीज होईल. तेव्हा उंची आणि बुद्धीच्या शेजारी रंगाचाही रकाना मागणारे आपल्यात किती निघतील, ते लग्नाच्या जाहिराती वाचणाऱ्या कुणालाही सांगता येईल.

माणसांची अशी मोजदाद ज्यांनी हाती घेतली त्यांनी आधी उत्तर ठरवलं आणि मग मोजपट्टी आणली. सुप्रजननाच्या नावानं विसाव्या शतकात अमेरिकेत हजारो स्त्री-पुरुषांची सक्तीनं नसबंदी झाली, जर्मनीत तर त्याचा शेवट गॅस चेंबरपर्यंत गेला. इरावती कर्वे तेव्हा, 1920 च्या दशकाच्या शेवटी, बर्लिनला ऑयगेन फिशर या मानववंशशास्त्रज्ञाकडे डॉक्टरेट करत होत्या. युरोपीय माणसाची बुद्धी वरचढ असल्याचा पुरावा कवट्यांच्या डाव्या-उजव्या बाजूंच्या फरकात सापडेल, अशी गुरूची अटकळ. या बाईंनी कवट्या मोजल्या आणि लिहून दिलं की वंशाचा आणि त्या फरकाचा संबंध दिसत नाही. परक्या देशात, हाताखाली शिकत असताना. मला या विषयावर लिहायला बसलं की त्यांचीच आठवण येते.

आता एक गोष्ट सांगते. दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात मी माहेरी गेले होते, बागेत थिनिंग चालू होतं. पेठ-सुरगाण्याकडून पिकअपमधून आलेल्या बायका मांडवाखाली ओळीनं उभ्या, कात्रीचं टोक घडात घालून नको ते मणी काढत होत्या. खाली हिरव्या मण्यांचा सडा. बांधावर एक नऊ-दहा वर्षांची पोर गोधडी लपेटून उन्हाला बसली होती. तिची आई दर थोड्या वेळानं कात्री कमरेला खोचून यायची, बाटलीतलं पाणी तिला पाजायची आणि परत ओळीत जायची. मी विचारलं तर म्हणाली, "सिकलसेल हाये. थंडीत सांधे लई ठणकतात. डॉक्टर म्हनले पानी पाजत ऱ्हा." सिकलसेल हाही रक्ताचा आनुवंशिक आजार. प्लास्टिकच्या पिशवीत जपलेलं त्याचं कार्ड तिनं दाखवलं.

ज्या तंत्रानं चीनमधल्या त्या मुलींची जनुकं बदलली, त्या क्रिस्पर तंत्राबद्दल जेनिफर डाउडना आणि इमॅन्युएल शार्पेंतिए यांना 2020 चं नोबेल मिळालं. त्याच तंत्रावर सिकलसेलचा एक उपचार निघालाय. रुग्णाच्या स्वतःच्या मूळ पेशी काढायच्या, त्यांत दुरुस्ती करायची, परत सोडायच्या. हा बदल पुढच्या पिढीत जात नाही. 2023 च्या शेवटी आधी ब्रिटननं आणि मग अमेरिकेनं त्याला मान्यता दिली. अमेरिकेतली किंमत 22 लाख डॉलर. आपल्याकडे 2047 पर्यंत सिकलसेल संपवायचं राष्ट्रीय अभियान 1 जुलै 2023 ला सुरू झालं. तपासणी, कार्ड, गोळ्या यांवर भर आहे. म्हणजे ताई, जनुकशास्त्र खरं काय करू शकतं ते जिला हवंय ती मुलगी तुमच्यासारख्याच बागेच्या बांधावर येऊन बसते, आणि ते तिच्यापर्यंत पोचलेलं नाही. अडीच गुणांसाठी एक एकर विकायचं ठरवताना हे तुम्हाला दिसावं असं मला वाटतं. तुम्ही दोषी आहात असं मी म्हणत नाही. स्वतःच्या लेकराचं भलं बघणं हा गुन्हा नाही.

पण भलं म्हणजे काय? समजा केलं. तीन नंबरचा भ्रूण पहिला आला, बाळ झालं. तो छापील कागद कपाटात राहील, घराच्या कागदपत्रांबरोबर. दहावीला त्या मुलाला बासष्ट टक्के पडले की कुणाच्या तोंडून निघेल, "तुझ्यासाठी जमीन विकली"? आज क्लासच्या फीवरून आपल्याकडे मुलं हे ऐकतातच. ही फी तर जन्माआधीच भरलेली, आणि ती फेडायला ते मूल कुठून सुरुवात करणार? नव्वद पडले तरी श्रेय त्याचं नाही, कागदाचं. तुम्ही लिहिता की न केल्याबद्दल मूल जाब विचारेल. तसा जाब ते विचारूच शकत नाही, कारण दुसरा भ्रूण निवडला असता तर ते मूल जन्मलंच नसतं, दुसरंच कुणी आलं असतं. जाब विचारता येईल असं मूल घरात एकच आहे, आणि ते सात वर्षांचं आहे.

तिच्याबद्दल तुम्ही चार पानांत मोजून दोन ओळी लिहिल्यात. एक, साधारण. दोन, मजुरांची मुलं गोळा करून खेळते. "या वेळी धोका नको" हे वाक्य तिच्या कानावर गेलं नसेल अशी मी आशा करते, पण सात वर्षांच्या मुलींना भिंतीपलीकडचं ऐकू येतं. मागच्या वेळचा धोका आपण होतो, एवढं कळायला बुद्ध्यांक लागत नाही. भावंड येईल तेव्हा ते निवडून आलेलं असेल, आणि ती नशिबानं आलेली. या पत्रात मला सगळ्यात जास्त काळजी कुणाची वाटली असेल तर तिची.

आणि दुसरी तुमची. पुन्हा इंजेक्शनं घ्यायची, ती कुणी? दहा-बारा दिवस पोटात सुया, फुगलेलं पोट, भूल देऊन बीजं काढणं. कधी अंडाशय जास्त उत्तेजित होऊन दवाखान्यात राहावं लागतं. मूल होत नसताना हे सोसणं वेगळं. पाच भ्रूण तयार असताना केवळ आकडा वाढावा म्हणून सोसायला लावणं मला योग्य वाटत नाही. त्याला नाही म्हणण्यात स्वार्थ कसला? अंग तुमचं आहे. तुमच्या डॉक्टरांनाही विचारा की वैद्यकीय कारण नसताना ते आणखी एक फेरी सुचवतील का, आणि हा प्रश्न पतींच्या समोर विचारा.

पतींशी बोलताना शास्त्रापासून सुरुवात करू नका. सूचना दिरांची आहे, तुलना जुनी आहे, आणि माणसाला आपल्या मुलाच्या बाबतीत तरी भावाच्या मागे राहायचं नसतं. एका संध्याकाळी गोदापार्कला दोघंच चालायला जा आणि एवढंच विचारा: साधारण मूल झालं तर तुम्हाला कशाची भीती वाटते? उत्तर यायला वेळ लागेल, मध्ये बोलू नका. त्यांना लहानपणी जे ऐकावं लागलं ते बहुधा त्यातून बाहेर येईल. कार्मींच्या अभ्यासातले आकडे त्यानंतर दाखवा. तेव्हा पटतील.

सासूबाईंना मात्र "अडाणी" म्हणून बाजूला सारू नका. देवाचं नाव घेऊन त्या म्हणताहेत ते एवढंच, की येईल त्या लेकराला आपलं म्हणावं. थॅलेसेमियाच्या तपासणीला त्यांचा विरोध असेल तर मेजर असलेल्या मुलाला महिन्या-महिन्याला काय सोसावं लागतं ते त्यांना शांतपणे सांगा. मला वाटतं त्या ऐकतील.

कंपनीला माहिती पाठवायचीच असं घरात ठरलं, तर निदान ती माहिती पुढे कुणाकडे राहील, विकली जाईल का, मागितल्यावर पुसली जाईल का, हे लेखी घ्या. जन्मालाही न आलेल्या माणसाचा जनुकसंच परदेशी कंपनीच्या हाती जाणार आहे, आणि तो पासवर्डसारखा बदलता येत नाही. पण माझा सल्ला विचारलात म्हणून सांगते: पाठवू नका. तुमचा रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल असेल तर कुठला भ्रूण आधी सोडायचा हे तुमच्या डॉक्टरांना वाढीवरून नेहमीसारखं ठरवू द्या. एकर राहू द्या.

मोठ्या मुलांच्या आईवडिलांसाठी एक ओळ, कारण तीही पत्रं येतात. बोटांच्या ठशांवरून मुलाचा कल सांगणाऱ्या चाचण्या आणि थुंकीवरून 'टॅलेंट' सांगणारी किट्स यांवर पैसे घालवू नका. ठशांच्या चाचणीला शास्त्राचा आधार नाही, आणि थुंकीच्या किटबद्दल वर लिहिलेलं सगळं लागू आहे.

ताई, डिसेंबरात थिनिंग सुरू झालं की एक दिवस मोठीबरोबर बागेत जा, आणि त्या दिवशी तिच्या मागून चाला. कोण कुठल्या पाड्याचं, कुणाला किती भावंडं, कुणाला थंडीत खेळवत नाही, हे तिला माहीत असणार. तुम्हाला सांगायची तिला आजवर संधी मिळाली नसेल. आणि एचपीएलसीचा कागद हाती आला की मला लगेच कळवा, पुढचं आपण त्यावरून बघू.